बोट टेकवा, दाबू नका

पहिल्याच दिवशी जोसेफकाकांनी माझं बोट मागितलं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. बदली होऊन मी श्रीरामपूरला आलो होतो. टेम्पोतून सामान अजून उतरत होतं, तेवढ्यात शेजारच्या दारातून एक सत्तरीचे गृहस्थ आले. कडक इस्त्रीची पँट, गळ्यात कॅमेरा. नाव नाही, गाव नाही.

"बोट द्या," म्हणाले.

मी हबकून तर्जनी पुढे केली. त्यांनी कॅमेऱ्याचं बटण तिच्याखाली आणलं. "टेकवा. दाबू नका, नुसतं टेकवा... हं, आता हळूच दाबा." च्क असा बारीक आवाज झाला. "कसं वाटलं?"

"छान."

"छान म्हणजे काय? नीट सांगा की!" ते एवढ्यांदा ओरडले, की टेम्पोवाल्याच्या हातून आमचं स्टूल सुटलं.

कॅमेरा जुना, परदेशी. मिशनमधली एक सिस्टर मायदेशी जाताना त्यांना देऊन गेली होती. त्याच्या खिडकीत माणूस दोनदा दिसायचा. रिंग फिरवून ती दोन माणसं एकमेकांवर बसवली, की फोटो स्वच्छ यायचा. पण काकांना फोटोचं फारसं कौतुक नव्हतं. रोल असला तर असला. त्यांचा सगळा जीव बटणात.

पोस्टमन, गॅसवाला, चर्चच्या पायरीवर फादर, कुणी सुटलं नाही. एकदा तर नेवाशाच्या एसटीच्या कंडक्टरला त्यांनी घंटीची दोरी सोडायला लावून बटण दाबायला लावलं. गाडीतली माणसं आ वासून बघत होती. कंडक्टर म्हणाला, "डोअरबेलसारखं." काकांचा चेहरा असा उतरला, जणू त्याने शिवी दिली.

भाजीवाली शांताबाई मात्र पास झाली. "मामा, पिकला चिकू चाचपल्यावानी लागतंय बगा. वरनं मऊ, आन् आत बी हाय."

"आत बी हाय! बरोबर, अगदी बरोबर!" काका रस्त्यातच टाळ्या पिटायला लागले.

माझी बायको सुनंदा म्हणाली, "दही लागलंय का बघायला वर बोट टेकवतो ना, तसं. जरा जास्त झालं तर मोडेल, असं." त्यावर काका डोळे मिटून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, "ते दह्याचं जरा परत सांगा."

गल्लीत सगळे म्हणत, रेल्वेतून रिटायर झाले आणि म्हातारबुवा रुळावरून घसरले. मीही हसत होतो.

एका सकाळी ते आमच्या स्वयंपाकघरात चहाला बसले होते. सुनंदा दारात शांताबाईशी बोलत होती. गॅसवरचं दूध वर आलं. मी फडकं शोधतोय, तोवर काका उठले आणि उकळतं पातेलं नुसत्या हातांनी उचलून शांतपणे ओट्यावर ठेवलं. दचकणं नाही, हाय नाही. कातडी जळल्याचा वास तेवढा आला.

"काका, हात!" मी किंचाळलो.

त्यांनी आपली बोटं दुसऱ्या कुणाची असावीत तशी उलटसुलट करून पाहिली. "भाजलंय का?" त्यांनी मलाच विचारलं.

सुनंदाने धावत येऊन त्यांचे हात पाण्याखाली धरले. नळाच्या आवाजात ते सांगू लागले. "महारोग झाला होता. गोळ्या पूर्ण केल्या. डॉक्टर म्हणाले, बरे झालात, तुमच्यापासून आता कुणाला काही होणार नाही. रोग गेला, पण जाताना बोटांतली समज घेऊन गेला. बटणावर बोट आहे का नाही, तेसुद्धा बघावं लागतं मला. आवाज आला, की दाबलं गेलं म्हणायचं. म्हणून विचारत सुटतो. गल्लीत सांगितलं नाही. लोक कप वेगळा ठेवतात."

"पुण्याच्या मुलाला तरी सांगितलंत?" सुनंदाने विचारलं.

"त्याला ठाऊक आहे. सूनबाईलाही. त्यांचं काही नाही. नात झालीय आता, ते म्हणतात घ्या. मीच घेत नाही. किती जोरात धरलं ते कळायला नको?"

नाताळात मुलगा, सून आणि ती चार महिन्यांची नात पुण्याहून आली. आम्ही फराळाला गेलो, तर काका बाळापासून लांब, खिडकीशी उभे. सुनंदाने काही न बोलता बाळ उचललं. "काका, मांडी घाला."

काका बसले. बाळ मांडीवर आलं तसे दोन्ही हात पोलिसांनी बंदूक रोखल्यासारखे वर. "अहो, उचला! पडेल!"

"मी धरलंय," सुनंदा म्हणाली. तिने बाळाचं पाऊल अलगद त्यांच्या गालाला लावलं. "इथं कळतं?"

बाळाने पाय झाडला. काकांचा चष्मा निसटून खाली पडला. कुणी उचलला नाही. सून तोंडाला पदर लावून उभी होती.

"कळतंय," काका म्हणाले. मग एकदम मुलावर खेकसले, "अरे, पाय गार पडलेत हिचे! मोजे कुठायत?"