परवाना दाखवा, साहेब!

"सर, बाहेरची ती पोकलेन तुम्ही स्वतः कधी चालवलीय का?"

पैज मैत्रिणींनी लावली होती, पण उभी राहिली ती एकटीच. दोघी मैत्रिणी लगेच खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधायला लागल्या. एकीच्या पायात तर चपला होत्या.

खाणीतल्या सुपरवायझरांचं सुरक्षा-प्रशिक्षण होतं आणि यंदा घरच्यांनाही बोलावलं होतं. पुढच्या रांगेत बारा सुपरवायझर हाताची घडी घालून बसले होते. त्यांत तिचे बाबा. प्रशिक्षणाच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेत ते दोनदा नापास झालेले. तिसऱ्यांदा झाले तर थेट स्टोअरमध्ये बदली, नटबोल्ट निवडायला.

"कुणाची मुलगी ही?" प्रशिक्षकसाहेब कडाडले.

बाबांनी हात वर केला, तोही अर्धाच.

"चालवलीय का म्हणे! चला, दाखवतोच!"

सगळी वरात बाहेर खोदाईच्या त्या मशीनपाशी आली. ऑपरेटर मुकाट्यानं खाली उतरला. साहेब टाय खांद्यावर टाकून केबिनमध्ये चढले. सकाळपासून तीन तास याच साहेबांनी सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं, की परवाना बघितल्याशिवाय कुणालाही मशीनवर बसू द्यायचं नाही, मग तो कुणी का असेना. आता अकरा सुपरवायझर कौतुकानं बघत होते. दोघांनी फोटोही काढले.

बाबा पुढे झाले. "साहेब, परवाना?"

"कसला परवाना?"

"चालवायचा."

"अहो, मी तुम्हाला शिकवतो!"

"हो ना, तुम्हीच शिकवलंत. किल्ली द्या."

"गेले स्टोअरमध्ये," आई पुटपुटली.

बाबांनी पुढे केलेला हात काही मागे घेतला नाही. साहेबांनी सगळे खिसे चाचपले. चष्मा निघाला, रुमाल निघाला, परवाना काही निघेना. शेवटी त्यांनी किल्ली दिली, खाली उतरताना मधल्याच पायरीवर थांबून बराच विचार केला आणि एकदम म्हणाले, "शाब्बास! हीच तर परीक्षा होती!"

कुणाचाही विश्वास बसला नाही, बहुतेक त्यांचा स्वतःचाही नाही. पण तोंडून गेलं ते गेलं. बाबा पास झाले आणि बाकीचे अकरा जण नापास! टाळ्या वाजवल्या फक्त तिनं.

मग मॅनेजरसाहेबांच्या लक्षात आलं, की फेरपरीक्षा होईपर्यंत अख्ख्या खाणीत पास झालेला सुपरवायझर एकच आहे. बाबांची रजा रद्द झाली. या टोकाच्या मशीनपासून त्या टोकाच्या मशीनपर्यंत ते दिवसभर पळू लागले. चौथ्या संध्याकाळी घरी आले ते थेट गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसले.

"नापास झाला असतात, तर निदान वेळेवर घरी आला असतात," आई म्हणाली.

"आई, बाबा, माझं ठरलंय," ती म्हणाली. "अठरा पूर्ण झाली की मी पोकलेनचा परवाना काढणार. ऑपरेटरच व्हायचं! आपण वर ऐटीत बसायचं, आणि काळजी करायला खाली बाबांसारखं कुणीतरी उभं!"