शंभर म्हाताऱ्या आणि एक भिंग

"तुला मी हजार बायकांत ओळखीन! ऐंशीची झालीस तरी ओळखीन! डोळे मिटून ओळखीन!"

सुरकुतीमास्तरांनी ही गर्जना केली तेव्हा त्यांच्या एका हातात पाव होता, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र होतं आणि नजर वर्तमानपत्रातल्या एका पुढाऱ्याच्या फोटोवर होती. पुढाऱ्याच्या गालावरची घडी मास्तरांना फार आवडली होती. बायको टेबलापलीकडे उभी होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"आधी डोळे उघडे ठेवून ओळखा, मग मिटायचं बघू," बायको म्हणाली.

सुरकुतीमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण स्टुडिओच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून ते निर्मात्यापर्यंत त्यांना याच नावाने ओळखत. सिनेमात कुणाला म्हातारं करायचं असलं की मास्तरांना बोलावणं जाई. रबराचे पातळ पापुद्रे, गोंद, ब्रश आणि गळ्यात अडकवलेलं एक भलंमोठं भिंग, एवढ्या सामग्रीवर ते कालच्या पोराला आजोबा करून दाखवत. "माझ्या हातून उठलेल्या माणसाला त्याची सख्खी आई ओळखणार नाही!" असं ते छाती फुगवून सांगत. एका नटाच्या आईने खरोखरच त्याला दारातून हाकलून दिलं होतं. तो किस्सा मास्तर इतक्यांदा सांगत, की बायको आता तो भांडी पुसता पुसता त्यांच्याआधी संपवत असे.

त्या दिवशी विषय निघाला तो नव्या सिनेमावरून. गोष्ट अशी: एका राजकन्येला चेटकीण शाप देते. एका रात्रीत राजकन्या जख्ख म्हातारी होते आणि चेटकीण तिला गुहेत शंभर म्हाताऱ्यांच्या घोळक्यात उभी करते. सगळ्यांचे झगे सारखे, सगळ्यांच्या डोक्यावर टोपडी! राजपुत्राने तिला बरोबर ओळखलं तर शाप सुटणार. चुकीच्या म्हातारीचा हात धरला तर तोही तिथल्या तिथे म्हातारा होणार. राजपुत्र अर्थातच ओळखतो. प्रेम म्हणजे प्रेम!

"राजपुत्राला जमेल. लग्न झालेलं नाही अजून त्याचं," बायको म्हणाली. "तुम्हाला नाही जमायचं."

त्यावर ती वरची गर्जना झाली.

बायकोचा आवाज थट्टेचा होता, पण आत काहीतरी दुखत होतं. महिन्यापूर्वी तिने केस मानेपर्यंत कापले होते. ती दातांच्या दवाखान्यात काम करायची. तिथल्या डॉक्टरांनी पाहिलं, तोंडात कापूस असलेल्या पेशंटांनीसुद्धा हातवारे करून छान दिसतं म्हणून सांगितलं. मास्तर मात्र महिनाभर तिच्यासमोर बसून जेवत होते आणि त्यांना पत्ता नव्हता! या माणसाला जगातले सगळे चेहरे दिसतात, आपला तेवढा दिसत नाही, हे तिच्या मनात घर करून बसलं होतं.

"बरं," ती म्हणाली, "मग करा मला ऐंशीची. तुम्हाला नाहीतरी कुणीतरी हवंच आहे ना?"

हवं तर होतंच! सिनेमाची नायिका हटून बसली होती. म्हातारपण आधी दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडावर दाखवा, मगच मी खुर्चीत बसेन, असं तिचं म्हणणं. बायकोने त्या दिवशी दवाखान्यातून सुट्टी घेतली आणि नवराबायको स्टुडिओत दाखल झाले.

मास्तर काम करत ते खुर्चीच्या मागे उभं राहून, समोरच्या आरशात बघत. सगळी हयात त्यांनी माणसं आरशातच पाहिली होती. आधी त्यांनी डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप चढवला.

"वा! आज टोप कसा पटकन बसला! एरवी बायकांचे केस कोंबता कोंबता नाकी नऊ येतात."

"का बरं बसला असेल?" बायकोने आरशातून विचारलं.

"टोप नवीन आहे ना!" मास्तर म्हणाले.

बायकोने डोळे मिटून घेतले. जेवायच्या सुट्टीच्या जरा आधी तिने ते उघडले, तर आरशात तिची आजी बसलेली!

नायिका आली. तिने एकदा पाहिलं, एक किंकाळी फोडली आणि धावत जाऊन आपल्या गाडीत बसून काचा वर केल्या. "मी असली होणार नाही! कधीच होणार नाही!" एवढंच आतून ऐकू येत होतं.

दिग्दर्शकाने डोकं धरलं. पण लगेच त्याची नजर खुर्चीतल्या म्हातारीवर पडली आणि त्याने टाळी वाजवली. "मास्तर, गुहेतल्या शॉटला वहिनीच उभ्या राहू देत! राजपुत्र येईल, टोपडं मागे सारेल, हात धरेल. नायिकेचा रुसवा निघाला की तिचा जवळून चेहरा नंतर घेऊ!"

"राजपुत्र मला ओळखणार?" बायकोने विचारलं.

"तुम्ही खांबाला टेकून उभ्या राहणार, हे त्याला सांगून ठेवतो ना!"

"अस्सं! त्यालाही सांगावं लागतं तर!" बायको म्हणाली आणि करडा झगा चढवून म्हाताऱ्यांमध्ये निघून गेली. जाता जाता तिने, "अहो, हनुवटीपाशी खाजतंय," म्हणून सांगितलं. मास्तर नायिकेच्या गाडीकडे पळत होते. "हात लावू नकोस!" एवढं ते पळता पळताच ओरडले.

शंभर म्हाताऱ्या मात्र अस्सल होत्या. शहरातल्या एका वृद्ध मंडळाच्या दोन बस भरून आणल्या होत्या. त्यांना गुहा, शाप, राजपुत्र यांत फारसा रस नव्हता. गुहेत उकडतंय आणि पंखा एकच आहे, हा त्यांच्या दृष्टीने मुख्य मुद्दा होता. त्यामुळे दिग्दर्शकाने नीट रांगेत उभ्या केलेल्या म्हाताऱ्या धूर सोडताच हळूहळू पंख्याकडे सरकल्या. राजपुत्र ऐटीत आला, खांबाजवळच्या म्हातारीचं टोपडं मागे सारलं, तिचा हात छातीशी धरला आणि गहिवरून म्हणाला, "प्रिये! काळाने तुझं रूप नेलं, पण माझं हृदय तुला विसरलं नाही!"

"इतकी वर्षं कुठे उलथला होतास मग?" म्हातारी म्हणाली.

गुहा हसून हसून हादरली. भलतीच म्हातारी निघाली ती!

"वहिनी कुठे आहेत?" दिग्दर्शक ओरडला. "वहिनी, हात वर करा बघू!"

"थांबा!" मास्तर गाडीकडून धावत आले होते. एवढी मंडळी समोर, वर सकाळची पैज! त्यांना स्फुरण चढलं. "कुणी हात वर करायचा नाही! अगं, जिथे असशील तिथे गप्प उभी राहा, एक शब्द बोलू नकोस! मी केलेला चेहरा मी ओळखणार नाही? एका नजरेत काढतो बघा!"

आणि भिंग सरसावून ते धुरात शिरले.

आता तुम्ही म्हणाल, स्वतःच्या बायकोला ओळखायला भिंग कशाला? पण मास्तरांची रीतच ती. ते चेहरा बघतच नसत. ते कडा बघत! रबराचा पापुद्रा कातडीला जिथे मिळतो, तिथे बारीकशी कड राहते. ती सापडली की काम मास्तरांचं. म्हणून ते एकेका म्हातारीच्या कानाखाली, जबड्यापाशी भिंग लावून कड शोधत पुढे सरकू लागले. पहिली, दुसरी, पाचवी, दहावी... एकीलाही कड नाही! मास्तरांना घाम फुटला. मागून दिग्दर्शक विचारत होता, "एकच नजर ना, मास्तर?"

आणि अचानक कड दिसली! एका उंच म्हातारीच्या जबड्याखाली, अगदी स्वच्छ! "सापडली!" मास्तर ओरडले. "हे बघा मंडळी!" आणि पुरावा म्हणून त्यांनी तिचा गाल चिमटीत धरून खस्सकन ओढला.

गाल सुटेना. मास्तरांनी आणखी जोरात ओढला. "गोंद फारच धरलाय!" ते म्हणाले.

तो गाल एका निवृत्त मुख्याध्यापिकांचा होता आणि कड म्हणजे टोपड्याच्या नाडीचा वळ! त्यांनी शांतपणे हात वर नेला आणि मास्तरांचा कान धरला.

"कोणत्या वर्गातला रे तू?"

"आई गं! नाही, म्हणजे, मला वाटलं तुम्ही माझी बायको!"

"बायकोचे गाल ओढतोस असे?" बाईंनी कान आणखी पिळला. "शंभर वेळा माफी माग!"

शेवटी दिग्दर्शकाने मध्ये पडून कान सोडवला. लाल कान घेऊन मास्तर पुढच्या रांगेत शिरले, पण आता त्यांचं अवसान गळालं होतं. हजारांत ओळखीन म्हणालो आणि शंभरांत सापडत नाही! ती इथेच कुठेतरी उभी राहून बघत असेल. घरी गेल्यावर ती चिडणार नाही, भांडणार नाही, नुसती "जेवायला या" म्हणेल. ते "जेवायला या" मास्तरांच्या कानात घुमलं. त्यांना खरंच भीती वाटली.

घाबऱ्याघुबऱ्या त्यांनी पुढच्या टोपड्याखाली भिंग धरलं आणि ते थबकले. भिंगात एका डोळ्याचा कोपरा होता. तेवढाच. पण काय कोपरा होता तो! बारीक रेघांचा पंखा, एकही रेघ दुसरीसारखी नाही. कड तर कुठेच नव्हती. बायको, पैज, कान, सगळं विसरून मास्तरांमधला कारागीर जागा झाला.

"वा! काय हात आहे!" ते पुटपुटले. "ही हसून हसून पडलेली रेघ, ही जागरणाची, आणि ही काळजीची... कशा एकमेकींत मिसळल्यात! जन्मभर हा धंदा केला, पण मला नाही असं जमलं. आजी, खरं सांगा, कुणी केलं हे काम?"

"तुम्हीच," टोपड्यातून आवाज आला.

"छे! माझं असतं तर मला आठवलं नसतं?"

"तुमचंच आहे. लग्न झाल्यापासून रोज थोडं थोडं करताय. हात जरा सावकाश चालतो तुमचा."

भिंग मास्तरांच्या हातातून सुटलं आणि गळ्यातल्या दोरीला लोंबकळू लागलं. भिंग दूर झालं तसा डोळ्याच्या कोपऱ्याभोवती अख्खा चेहरा आला. बायकोचा चेहरा. ना रबर, ना गोंद. तिने टोपडं मागे सारलं, टोप काढला, आणि मानेपर्यंत कापलेले केस मोकळे झाले.

"तू केस कापलेस?" मास्तरांनी अगदी हळू विचारलं.

"महिना झाला."

मग तिने झग्याच्या खिशातून कागदी रुमालाची पुरचुंडी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. "हे घ्या तुमचं म्हातारपण. घामाने हनुवटीपासून सुटलं. सांगायला आले होते, तर तुम्ही गाडीच्या काचेवर टकटक करत होतात."

मास्तर नुसते बघत राहिले. किती वर्षांनी बघत होते कोण जाणे! ही रेघ कधी पडली? ती दुसरी मुलाच्या आजारपणातली असणार. आणि एवढं सगळं होऊनही हा चेहरा पहिल्या भेटीत दिसला होता तितकाच गोड कसा? त्यांचे डोळे भरून आले आणि ते धुरामुळे आलेत, असं सांगायचंही त्यांना सुचलं नाही. बायकोचा राग कधीचाच विरघळला होता. पण तिने तसं दाखवलं नाही.

"राजपुत्रा, इकडे बघ!" दिग्दर्शक किंचाळला. "मघापासून हाच भाव मागतोय मी तुझ्याकडे! असं बघायचं असतं!"

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत नायिका आली. गाडीत बसून बसून तिला कंटाळा आला होता आणि हशा ऐकून राहवेना. तिने मास्तरांच्या बायकोच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, "मास्तर, म्हातारपण असं असेल ना, तर मी करते! मला हुबेहूब असंच हवं!"

"मी अजून म्हातारी झालेली नाही!" बायको ताडकन म्हणाली.

पुढे मास्तरांनी नायिकेला बायकोसमोर बसवून, रेघेला रेघ जुळवून तसंच म्हातारपण दिलं. मुख्याध्यापिका मागे उभ्या राहून देखरेख करत होत्या, त्यामुळे काम चोख झालं.

संध्याकाळी दोघं बसथांब्यावर उभे राहिले. बस अजून आली नव्हती. मास्तर बायकोसमोर उभे राहून एकटक तिच्या तोंडाकडे बघत होते.

"असं काय बघताय? लोक हसतील."

"हसू देत. पुन्हा परीक्षा घे माझी. यावेळी तयारी केलीय."

"बरं. डोळे मिटा," बायको म्हणाली. "सांगा, मी घातलेल्या कोटाचा रंग कोणता?"

मास्तरांनी डोळे मिटले. "करडा," ते म्हणाले.

"तो तुमच्या सिनेमाचा झगा होता! कोट हिरवा आहे माझा!"

"कोटाकडे कोण बघत होतं!" मास्तर कळवळून म्हणाले. डोळे अजून घट्ट मिटलेलेच होते. "पण तुझ्या उजव्या भुवईत एक पांढरा केस आहे. एकच. बाहेरच्या टोकाला. फार छान दिसतो."

मास्तरांना आपल्या दंडाभोवती बायकोचा हात जाणवला. आज सबंध दिवसात आपण पहिल्यांदाच काहीतरी बरोबर सांगितलं, या आनंदात त्यांनी डोळे उघडले.

"डाव्या," बायको म्हणाली. "आरशात नाही उभी मी."