कठड्यावरच्या गौरी

छातीठोकपणे सांगते, अख्ख्या स्टुटगार्टात माझ्याइतकी शिस्तशीर मराठी बाई शोधून सापडायची नाही! पिवळ्या पिशवीत कुठला कचरा जातो, निळ्या डब्यात कुठला, हे मला झोपेतून उठवून विचारा. जिना पुसायची आमची पाळी आली की मी कोपरेसुद्धा टूथब्रशने घासते. माझा नवरा सिद्धेश म्हणतो, "संपदा, तू जर्मनांपेक्षा जास्त जर्मन झालीयेस." तो हे कौतुकाने म्हणत नाही, पण मी ते कौतुक म्हणूनच घेते.

तर यंदा सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे आल्या, त्या घरच्या गौरी हँडबॅगेत घेऊनच. गौरी म्हणजे दोन पितळी मुखवटे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. सासूबाईंना ते त्यांच्या सासूबाईंनी दिलेले. आल्या आल्या ते माझ्या कपाटात गेले. चहाचा पहिला घोट घेऊन त्या म्हणाल्या, "माझ्याच्याने आता होत नाही बाई. यंदा तुझं बघते. नीट जमलं तर गौरी तुझ्याकडेच ठेवून जाईन. नाहीतर परत नेते आणि शिवांगीला देते."

शिवांगी म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिच्या पुरणपोळीतून म्हणे पलीकडचं दिसतं! दरवर्षी ती त्या पोळीचा फोटो पाठवते आणि खाली लिहिते, 'वहिनी, तुम्हाला तिथे कुठलं जमायला!' आता कळलं ना माझं काय पणाला लागलं होतं ते?

"अहो आई, तुम्ही नुसतं बसून बघा," मी म्हटलं. "माझं सगळं प्लॅन करून झालंय!"

गौरी यायच्या होत्या रविवारी, दिवेलागणीच्या आत. रविवारी सकाळी मी घर आवरायला काढलं. जुने मग, एक वाकडा टेबललँप, सिद्धेशची कधीच न उचललेली डंबेल्स, सगळं एका खोक्यात भरलं आणि खाली फुटपाथलगतच्या दगडी कठड्यावर नेऊन ठेवलं. पुढे पुठ्ठ्याची पाटी लावली, 'त्सू फरशेंकन', म्हणजे 'फुकट आहे, न्या'. इथे सगळे असंच करतात. येणारा-जाणारा बघतो, आवडलं तर उचलतो, आणि संध्याकाळपर्यंत कठडा स्वच्छ! मला ही पद्धत फार आवडते. म्हणजे तेव्हा आवडायची.

दुपारी मी सोळा भाज्या चिरत होते. हॉलमध्ये सिद्धेश दोन लोखंडी स्टँडना साड्या नेसवत होता. कमरेत पिना, खांद्यावर पदर, आणि वर काहीच नाही! दोन बिनडोक्याच्या बायका आमच्या सोफ्याशेजारी झोकात उभ्या होत्या.

"आई, मुखवटे घासून झाले का?" मी आतूनच विचारलं.

"केव्हाच! चिंचेने लख्ख केलेत. वाळत घातलेत."

"बाल्कनीत?"

"तुझ्या बाल्कनीत ऊन येतंय कुठे! खाली कठड्यावर ठेवलेत. तू ते खोकं ठेवलंयस ना, त्यावर फळी टाकली आणि दोघींना शेजारी शेजारी बसवलं. एक पाटी मध्ये येत होती, ती जरा बाजूला सरकवून ठेवली."

माझ्या हातातला भोपळा पडला.

"काय झालं गं?"

"काही नाही! मी घेऊन येते. तुम्ही बसा. बसाच!"

मी जिन्यावरून धडाधड खाली. कठडा स्वच्छ! खोकं नाही, फळी नाही, गौरी नाहीत. उरलं होतं एक डंबेल आणि माझी पाटी.

माझी लेक केया तिथेच स्कूटर चालवत होती. पोरगी मराठी सगळं समजते, पण उत्तर जर्मनमध्ये देते.

"केया, इथले मुखवटे कुणी नेले?"

ती जर्मनमध्ये म्हणाली, "मोठी नथवाली ना? ती हेर क्लोत्सनी नेली. ब्रुनोवाले." हेर म्हणजे इथले श्रीयुत, आणि ब्रुनो म्हणजे त्यांचा कुत्रा. "त्यांनी मला विचारलं, नेऊ का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, पाटीवर लिहिलंय की!"

शिस्तशीर बाईची शिस्तशीर मुलगी! आणि दुसरी गौर कुणी नेली, हे मात्र तिने बघितलं नव्हतं. कारण त्या माणसाकडे कुत्रा नव्हता.

हे विचारायला योग्य व्यक्ती एकच होती, तळमजल्यावरच्या फ्राऊ हेबर्ले, म्हणजे हेबर्लेबाई. त्या दिवसभर खिडकीत उशीवर कोपर टेकून बसलेल्या असतात. आत्ता नेमक्या त्या खिडकीत नव्हत्या. पण त्यांची बेल वाजवायला मी काही तयार नव्हते! जिन्याच्या धुळीवरून आमचं कधीपासून बिनसलेलं. शिवाय त्यांना कळलं की गावाला कळतं. म्हणून मी शहाणपणा केला आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज टाकायचं ठरवलं.

आता लिहायचं काय? 'दोन डोकी हरवली आहेत' असं लिहिलं तर पोलीस येतील! म्हणून मी जरा सभ्य भाषेत लिहिलं: 'तातडीचं! दोघी बहिणी, भारतातून सासूबाईंबरोबर विमानाने आल्या. सकाळी कठड्यावर उन्हात बसल्या होत्या. एक कुत्रावाल्या गृहस्थांबरोबर गेली, दुसरीचा पत्ता नाही. अंधार पडायच्या आत दोघी घरात यायलाच हव्यात. फार जुन्या आहेत. कृपया मदत करा.'

फोन खिशात टाकला, केयाचा हात धरला आणि टेकडी चढायला लागले. या गावात कुठेही जायचं तर आधी पायऱ्या! वर हेर क्लोत्स यांनी भाजी लावायला भाड्याने घेतलेला जमिनीचा तुकडा आहे. अर्ध्यात मला दम लागला आणि मी पायरीवर बसले. डोळ्यासमोर शिवांगीचा चेहरा आला, पारदर्शक पोळीमागून हसणारा! मला रडूच फुटलं. इतकी वर्षं इथे एकटीने सण केले, मोदकाला साचा नाही म्हणून हाताने वळले, आणि सासूबाईंनी पहिल्यांदा हातात काही द्यायचं ठरवलं तर मी ते फुटपाथवर वाटून टाकलं!

केयाने माझ्या पाठीवर हात ठेवला. "आई, नको रडू ना," ती चक्क मराठीत म्हणाली. त्याने मला आणखीच रडू आलं.

वर पोचलो आणि बघतो तर काय! मक्याच्या आणि घेवड्याच्या मधोमध ज्येष्ठा उभी! अंगात नारिंगी रेनकोट, डोक्यावर गवती टोपी, दोन्ही हात आडवे पसरलेले. हेर क्लोत्स यांनी आमच्या गौरीचं बुजगावणं केलं होतं! आणि खरं सांगते, देवीला ते शोभत होतं.

"हेर क्लोत्स, ही आमची आहे!"

"पाटीवर फुकट लिहिलं होतं," ते शांतपणे म्हणाले.

"ती पाटी डंबेल्सची होती! ही आज संध्याकाळी आमच्याकडे राहायला येणार आहे."

"अस्सं. मग आत्तापर्यंत कुठे होती?"

"आमच्याच कपाटात."

"म्हणजे ही तुमच्या कपाटातून तुमच्याच घरी राहायला येणार?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!"

त्यांनी बराच वेळ विचार केला. ब्रुनोनेही केला.

"किती दिवस राहणार?"

"तीन. मग परत जाते."

"कुठे?"

"कपाटात."

"आल्झो, असं बघा," हेर क्लोत्स म्हणाले, "माझी बहीण येते ती तीन आठवडे राहते. तुमची पद्धत चांगली आहे." आणि त्यांनी गौर उतरवून दिली. पण पक्ष्यांचं काय? शेवटी काठीवर बादली पालथी घातली आणि तिला माझा नवा कोरा गॉगल लावला. निघताना त्यांनी केयाच्या हातात मक्याची कणसं आणि घेवडा दिला. म्हणाले, "पाहुणी येतेय तर रिकाम्या हाताने कशी येणार?"

उतरताना फोन काढला तर ग्रुपवर मेसेजचा पाऊस! सगळ्यात वरती फ्राऊ हेबर्ले यांचा: 'एक सापडली! कठड्याजवळच फिरत होती. गारठली आहे. जर्मन येत नाही. पळून जायचा प्रयत्न करते आहे, पण मी धरून ठेवलंय.'

पळून जायचा प्रयत्न? पितळी मुखवटा?

बिल्डिंगसमोर पोचलो तर ही गर्दी! पिवळी जॅकेटं घातलेले शेजारी, एकाकडे दुर्बीण, एका बाईच्या हातात चहाचा थर्मास. आणि मध्यभागी, कठड्यावर, लोकरीच्या ब्लँकेटमध्ये गळ्यापर्यंत गुंडाळलेल्या माझ्या सासूबाई!

"संपदाऽ! या बाईला सांग मला सोडायला! गौरी बघायला खाली आले तर हिने मला वळकटीसारखं बांधून ठेवलंय! मघापासून कसला तरी कडू काढा पाजतेय!"

"शांत व्हा, शांत व्हा," फ्राऊ हेबर्ले त्यांना जर्मनमध्ये थोपटत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "धाकटी सापडली. मोठी कुठेच नाही! आम्ही बसस्टॉप बघितला, चर्च बघितलं, वर द्राक्षांच्या मळ्यापर्यंत माणसं पाठवली. आता मी पोलिसांना फोन करते."

"नको!" मी ओरडले आणि ओढणीखालून ज्येष्ठा काढली. "मोठी ही! ह्या सासूबाई आहेत. दुसरीही अशीच आहे, पितळेची!"

फ्राऊ हेबर्ले यांनी मुखवट्याकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं, पुन्हा मुखवट्याकडे बघितलं.

"आख सोऽ," त्या म्हणाल्या आणि कानापर्यंत लाल झाल्या. "मग दुसरी माझ्या स्वयंपाकघरात आहे."

दोन तास ज्या बाईने सगळी टेकडी पालथी घातली, त्याच बाईच्या घरात कनिष्ठा! मी बेल वाजवली असती तर? पण जाऊ दे.

सगळे त्यांच्या मागोमाग आत गेलो. खिडकीजवळच्या टेबलावर, क्रोशाच्या रुमालावर, कनिष्ठा बसली होती. शेजारी मेणबत्ती. समोर छोट्या बशीत आलुबुखाराच्या केकचा एक तुकडा.

"कठड्यावर एकटीच उरली होती," फ्राऊ हेबर्ले पुटपुटल्या. "मीही रविवारी एकटीच असते. म्हटलं, बसेल माझ्याबरोबर कॉफीला."

मी हे सासूबाईंना मराठीत सांगितलं. आता त्या काय बोलतात म्हणून मी मान खाली घालूनच उभी होते. सासूबाईंनी बशीकडे बघितलं, मग फ्राऊ हेबर्लेंकडे. ब्लँकेट खांद्यावर नीट लपेटून घेतलं.

"हिने आधी नैवेद्य दाखवलाय गं," त्या हळूच म्हणाल्या. "आपल्याकडे तर अजून भोपळा चिरायचाय."

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. मग एकच धांदल! सासूबाई पुढे धावत घरात गेल्या आणि उंबरठ्याच्या आत आरती घेऊन उभ्या राहिल्या. केयाने हळदीकुंकवाची पावलं काढली, थेट मी घासलेल्या जिन्यावर! ज्येष्ठा माझ्या हातात. कनिष्ठा फ्राऊ हेबर्ले कुणाला देईनात, म्हणून त्याच घेऊन आल्या. मागे पिवळ्या जॅकेटवाली सगळी वरात.

"कोण आलंऽ?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"गौर आली!" मी म्हटलं.

"कशाच्या पावलांनी आली?"

मी 'सोन्याच्या' म्हणणार, तेवढ्यात फ्राऊ हेबर्ले यांनी मला कोपराने ढोसलं. "काय विचारतायत त्या?"

"कशाच्या पावलांनी आलात, असं विचारतायत."

त्यांनी प्रामाणिकपणे खाली बघितलं. "हाउसशू," त्या म्हणाल्या. पायात घरातल्या लोकरी सपाता होत्या.

मी भाषांतर करायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "चालेल! या आत."

मुखवटे स्टँडवर चढले आणि बिनडोक्याच्या बायका एकदम घरच्या झाल्या. सिद्धेशने चक्क डोळे पुसले. शेजाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या खाल्ल्या आणि कुठल्या भाजीत ग्लुटेन आहे ते विचारलं. माझ्या पुरणपोळीतून पलीकडचं काही दिसलं नाही, पण आतलं पुरण मात्र ठिकठिकाणी दिसलं.

तिसऱ्या दिवशी गौरी उतरवल्या. सासूबाईंनी दोन्ही मुखवटे मऊ फडक्यात गुंडाळले, पितळी डब्यात ठेवले आणि मला समोर बसवलं.

"संपदा, मी ठरवलंय. गौरी परत नेत नाही. त्या इथेच राहतील."

मी त्यांच्या पाया पडले. डोळे भरून आले होते, मनातल्या मनात शिवांगीला लिहायचा मेसेजसुद्धा तयार झाला होता!

"सण तुझ्याच घरी व्हायचा," सासूबाई म्हणाल्या. "डबा मात्र त्या हेबर्लेबाईंकडे राहील."

"काय?"

"अगं, त्या दिवसभर खिडकीत असतात. वस्तूवर लक्ष असतं त्यांचं."

आणि डबा घेऊन त्या स्वतः तळमजल्यावर गेल्या.

परवा मी खाली बेल वाजवली. म्हटलं, "फ्राऊ हेबर्ले, मुखवटे जरा पुसून ठेवते, डबा द्या." त्यांनी दार अर्धंच उघडलं. "आत्ता? त्या तर पुढच्या वर्षी येणार ना तुमच्याकडे?" मागे टेबलावर मेणबत्ती लावलेली दिसली, आणि केकच्या दोन बशा. दोघींचं छान चाललंय म्हणायचं.

मला मात्र केक विचारला नाही हं त्यांनी! उलट म्हणाल्या, जिन्यावरची हळद अजून निघालेली नाही.