ढब्बूचा एक्स-रे काही उतरेना

"पाच मिनिटांचं काम! तू तुझे पेशंट बघ," डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून तो बायकोच्या जनावरांच्या दवाखान्यात 'मदत' करत होता. आदल्या दिवशी कुणी सांगितलं नसताना त्याने तिथला कॉम्प्युटर अपडेट केला. तेव्हापासून एकही फाइल उतरत नव्हती, आणि आज नेमका ढब्बूचा एक्स-रे मेलवर आला होता.

ढब्बू म्हणजे बाहेर बाकावर बसलेल्या आजींचा कुत्रा. दोन दिवस अन्नाला तोंड लावत नव्हता, म्हणून त्याला आत कॉम्प्युटरच्या खोलीतच पिंजऱ्यात ठेवलं होतं. पोटात काय आहे ते दिसल्याशिवाय बाईंना पुढे काही करता येईना.

नवऱ्याने डाउनलोडचं बटण दाबलं. निळी रेघ ऐटीत अर्ध्यापर्यंत गेली आणि चिखलातल्या म्हशीसारखी बसली ती बसलीच.

"फेल!" तो ओरडला.

बाहेर आजी दचकल्या. "काय फेल गेलं हो?"

"किडनी असेल," मांजर घेऊन बसलेला टेलर हळहळला.

"परत फेल!" आतून आवाज आला.

"अगं बाई! दुसरीपण गेली!" आजींनी भावाला फोन लावला.

शेजारच्या खोलीत पोपटाची नखं कापत बसलेल्या बाई ओरडल्या, "अहो, हळू बोला!"

"मी हळूच बोलतोय, हेच ऐकत नाही! आत जागाच उरलेली नाही. नको ते सगळं काढून टाकतो!"

आजींनी सुनेला फोन लावला.

फायली काढून झाल्या, जागा झाली, तरी रेघ तिथेच. बारा वाजले. नवऱ्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, आवाजातली ऐट केव्हाच ओसरली होती. "आता एकच उपाय," तो थकून म्हणाला. "बंद करून बघतो. परत चालू झालं तर ठीक, नाहीतर नशीब!"

एक वाजेपर्यंत आजींचा भाऊ, सून आणि दोन शेजारणी दवाखान्यात दाखल झाल्या. आवडती माणसं एकदम दारात जमलेली पाहून पिंजऱ्यातल्या ढब्बूने जोरजोरात शेपूट हलवलं.

"बघा, निरोप घेतोय!" भाऊ गहिवरला.

सव्वा वाजता दोष सापडला. नव्या अपडेटने सुरक्षेसाठी म्हणून फायली ठेवायच्या फोल्डरलाच कुलूप घातलं होतं. सेटिंगमध्ये एक बारीकशी खूण करायची होती. केली, आणि एक्स-रे क्षणात उतरला. नवऱ्याला हसावं की रडावं कळेना, म्हणून त्याने टेबलावर डोकं टेकलं.

बाईंनी फोटो पाहिला. "पोटात गोळा दिसतोय. घरातलं काही हरवलंय का?"

"बाळाचे मोजे!" सून म्हणाली.

"मग ऑपरेशन नको. औषधाने दोन दिवसांत पडेल बाहेर. फक्त प्रत्येक वेळी नीट तपासावं लागेल."

तेवढ्यात भावाने नवऱ्याचे दोन्ही हात धरले. "डॉक्टर, तीन तास झुंजलात! दोन्ही किडन्या फेल, बंद पडलेलं परत चालू केलंत!"

नवऱ्याने तोंड उघडलं. किडनी नव्हे, फोल्डर, हे समजावायचं म्हणजे आणखी तीन तास. त्याने तोंड मिटलं.

"दोन दिवस याला मोठ्या डॉक्टरांजवळच राहू दे," आजी म्हणाल्या आणि बाईंकडे वळल्या. "तुम्हीही बरीच मदत केलीत हो."

बाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "ठेवा की. मोठे डॉक्टर जातीने तपासतील."

मग दोन दिवस मोठे डॉक्टर हातात काडी घेऊन मागच्या अंगणात ढब्बूच्या मागेमागे फिरले. तिसऱ्या दिवशी सकाळी एक चिमुकला पिवळा मोजा मिळाला! त्यांनी धावत जाऊन आजींना फोन केला.



"एकच?" आजी म्हणाल्या. "अहो डॉक्टर, हरवलेत दोन!"