ऑर्विलच्या फ्रीझरचं कुलूप

बंदुकीची काडतुसं घरात कशी ठेवावीत, हे हेलस्टाड गावात ऑर्विल हाउगेनला विचारावं. न विचारताही तो सांगतोच म्हणा! गावातल्या पोराटोरांना शिकारीतली सुरक्षितता शिकवणारा मास्तर तो, आणि त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय गावात कुणाला परवाना मिळत नाही. कोरड्यात ठेवा, गारव्यात ठेवा, कुलपात ठेवा आणि कुठे ठेवलीत ते कुणाला सांगू नका, असे त्याचे चार नियम. पहिले तीन सरकारी पुस्तकातले. चौथा त्याला मेहुण्याने शिकवला.

मेहुणा म्हणजे ड्वेन, बायकोचा धाकटा भाऊ. दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला निघताना हा पठ्ठ्या काडतुसं नेमकी घरी विसरायचा. मग ऑर्विलकडून हक्काने एक खोकं घ्यायचा, आणि ऑर्विलकडे अजून किती शिल्लक आहेत याची बातमी कॅफेत सोडायचा. मग आणखी दोघेतिघे आपापली काडतुसं घरी विसरायचे.

यंदा मात्र ऑर्विलने पक्का बंदोबस्त करायचं ठरवलं. गॅरेजमध्ये पेटीसारखा आडवा जुना फ्रीझर होता. मागच्या उन्हाळ्यात त्याने मान टाकली होती, पण झाकणाचं रबर अजून घट्ट होतं. आत ना ओल, ना धूळ, ना उंदीर. ऑर्विलने काडतुसं मूळच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत तशीच ठेवून ती आत रचली, वर जुनी घोंगडी पसरली आणि फ्रीझर चालू वाटावा म्हणून वायर सॉकेटमध्ये खोचली. शेवटी कडी बसवून कुलूप ठोकलं. चार पावलं मागे जाऊन त्याने स्वतःच्या कामाकडे असं कौतुकाने पाहिलं की विचारू नका.

चूक झाली ती कुलपात. हेलस्टाडमध्ये कुणी कशाला कुलूप लावत नाही. गॅरेजची दारं दिवसभर सताड उघडी असतात. शेजारी येतात, दाताळं नेतात, शिडी आणून ठेवतात, आपल्या फ्रीझरमध्ये मावत नसलेलं सामान दुसऱ्याच्या फ्रीझरमध्ये टाकतात. अशा गावात कुलूप लावणं म्हणजे गावभर दवंडी पिटणंच. त्यातून ऑर्विल पडला याच गावचा. सवयीप्रमाणे त्याने किल्ली फ्रीझरच्या वरच्या खिळ्यालाच अडकवली. उद्या आग लागली तर शेजाऱ्यांनी उघडायचं कसं?

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या बर्निसबाई दाताळं न्यायला आल्या. त्या आधी हवेबद्दल बोलल्या, मग पानगळीबद्दल, मग पुन्हा हवेबद्दल. थेट विचारणं त्या गावात असभ्यपणाचं समजतात. जाता जाता त्या कुलपाकडे बघत म्हणाल्या, "कुलूप छान आहे हं."

"मांस आहे आत," ऑर्विल म्हणाला. "हरणाचं."

"अस्सं," बर्निसबाई म्हणाल्या आणि दाताळं न घेताच गेल्या.

खोटं बोलायलाही अभ्यास लागतो. गेल्या वर्षी ऑर्विलला हरीण मिळालंच नव्हतं. हरीण समोर आडवं उभं राहिलं होतं आणि ऐन वेळी मास्तरांना शिंक आली होती. ड्वेनने ती शिंक हिवाळाभर कॅफेत करून दाखवली होती. यंदाचा हंगाम सुरू व्हायला अजून अवकाश होता. मग हे मांस आलं कुठून?

यावर गावात दोन तट पडले. कॅफेतल्या पुरुषांच्या मते मास्तराने हंगामाआधीच चोरून हरीण मारलं होतं. चर्चच्या तळघरात गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या मते बिचाऱ्याचा फ्रीझर रिकामाच होता आणि लाजेपोटी त्याने त्याला कुलूप लावलं होतं. दोन्ही तटांनी आपापल्या परीने उपाय सुरू केले, आणि ऑर्विलला अर्थातच कुणी काही विचारलं नाही.

लव्हॉनच्या, म्हणजे ऑर्विलच्या बायकोच्या, कानावर मात्र कॅफेतली बातमी आली. तिने जेवणाच्या टेबलावर नवऱ्याला फैलावर घेतलं. तेव्हा त्याने फ्रीझरमध्ये काय आहे ते खरं सांगून टाकलं.

"मग गावात सांग की काडतुसं आहेत म्हणून," ती म्हणाली.

"आणि तुझा भाऊ?"

"म्हणजे गावाने तुला चोर म्हटलेलं चालेल, पण माझ्या भावाला एक खोकं द्यायचं नाही?"

ऑर्विलने बटाट्याचा घास सावकाश चावला, नीट विचार केला आणि चालेल म्हणाला.

पण त्याला ते चाललं नाही. शनिवारच्या वर्गाला निम्मी पोरं आलीच नाहीत. एकाचं पोट दुखत होतं, दुसऱ्याची आजी आजारी होती, आणि ती आजी ऑर्विलला सकाळीच दुकानात धडधाकट भेटली होती. चोरून शिकार केल्याचा नुसता ठपका आला तरी मास्तरकी गेली असती, आणि मास्तरकीशिवाय ऑर्विल म्हणजे बर्फ सारणाऱ्या गाडीवरचा एक निवृत्त ड्रायव्हर, एवढंच. त्या वर्गावर त्याचा जीव होता.

अशातच हवा अवचित उबदार झाली आणि गॅरेजमधून वास यायला लागला. आधी मेलेल्या उंदरासारखा, मग चांगला मेलेल्या घुशीसारखा. लव्हॉनने सगळे कोपरे झाडले. फ्रीझरकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, कारण त्यात काडतुसं आहेत हे दोघांनाही ठाऊक होतं.

गावाला मात्र वासाचा अर्थ बरोबर लागला. रविवारी चर्च सुटल्यावर शिकार खात्याची वॉर्डन कोलेट बियुगस्टाड दारात येऊन उभी राहिली. तिच्या मागे अर्धी गल्ली होती, आणि प्रत्येकाकडे यायचं काहीतरी कारण होतं. कुणी रिकामं भांडं परत करायला आणलं होतं, तर कुणी लिंबाच्या वड्या. ड्वेन तर रिकाम्या हाताने आला होता आणि हवा बघत होता.

कोलेट ऑर्विलचीच विद्यार्थिनी. "सर, तक्रार आली आहे. तुम्ही फ्रीझर उघडून दाखवलात तर बरं होईल."

ऑर्विलने गर्दीकडे पाहिलं, ड्वेनकडे पाहिलं. गुपित राखावं तर अब्रू जाते, अब्रू राखावी तर गुपित जातं. शेवटी त्याने अब्रू निवडली. माझ्या घरात बेकायदा मांसाचा एक तुकडा जरी सापडला तरी मी मास्तरकी सोडेन, असं त्याने खणखणीत आवाजात जाहीर केलं आणि झाकण उचललं.

आत मांसच होतं!

घोंगडीवर पांढऱ्या कागदातल्या पुड्यांची रास पडली होती आणि त्यांतून जे काही गळत होतं त्याचं वर्णन न केलेलं बरं. वासाचा असा भपकारा आला की सगळी गर्दी एका दमात रस्त्यापर्यंत मागे हटली. कोलेट तेवढी नाक दाबून उभी राहिली. वरची पुडी उचलून तिने वाचलं. बर्निसबाईंचं नाव होतं, मागच्या हंगामातली शिकार होती, परवान्याचा क्रमांकही होता. दुसरीवर पाद्रीणबाईंचं नाव होतं. तळघरातल्या सगळ्याच बायकांनी खिळ्यावरची किल्ली काढून, बिचाऱ्याला कळू नये म्हणून गुपचूप आपापल्या घरचं मांस आणून टाकलं होतं. मेलेल्या फ्रीझरमध्ये! तेव्हाच्या थंडीत तो बंद आहे हे कुणाला जाणवलंच नव्हतं. घोंगडी उचलून खाली पाहण्याचं मात्र कुणाच्या मनातही आलं नव्हतं. दुसऱ्याचा फ्रीझर उघडणं हा शेजारधर्म, पण त्यातली घोंगडी उचलणं म्हणजे भोचकपणा.

कोलेटने ती उचलली. खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचा भिजून लगदा झाला होता.

"काडतुसं?" तिने हळूच विचारलं.

"सगळी," ऑर्विल म्हणाला. त्याला रडू येत होतं.

"भिजलेली आता वापरू नका, सर. मी नेते आणि खात्यातर्फे नष्ट करवते. आणि काळजी करू नका, कुणाला सांगणार नाही. तुम्हीच शिकवलंय."

अगं, सांग, सगळ्यांना सांग, असं ओरडावंसं ऑर्विलला वाटलं. पण मास्तराने स्वतःचाच नियम कसा मोडायचा? कोलेट रस्त्याकडे वळून म्हणाली की ऑर्विल सरांकडे बेकायदा काहीही सापडलेलं नाही. गर्दीने माना डोलावल्या. मग त्याच गर्दीदेखत तिने घोंगडीत गुंडाळलेलं, ठिबकणारं, जडशीळ गाठोडं उचलून आपल्या गाडीत घातलं आणि ती निघून गेली.

गर्दीने पुन्हा माना डोलावल्या. या खेपेला जरा हळू.

पुढच्या शनिवारी वर्गाला कुणीच आलं नाही. तेव्हा ऑर्विलने मन घट्ट केलं. खड्ड्यात गेलं गुपित, खड्ड्यात गेला ड्वेन! त्याने परगावाहून नवी काडतुसं आणली, लोखंडी कपाट आणून गॅरेजमध्ये उभं केलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. मग लाल रंगाचा डबा उघडून कपाटाच्या दारावर रस्त्यावरूनही वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलं: काडतुसं. आता गावाला खरं काय ते कळणार होतं.

पहिला आला तो ड्वेनच. रंग अजून ओला होता. आधी तो हवेबद्दल बोलला. मग कपाटासमोर उभा राहून त्याने ती अक्षरं वाचली, पुन्हा वाचली, आणि ऑर्विलच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऑर्विल, काडतुसं कुणी असं लिहून ठेवतं का? मी घरचा माणूस आहे. खरं सांग, आणखी एक मारलंस ना?"

किल्ली खिशातच होती. कपाट उघडून दाखवायला क्षणही लागला नसता. पण मग दाखवलेल्यातलं एक खोकं ड्वेनसोबत गेलं असतं. ऑर्विलने किल्लीवरचा हात काढला.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

ड्वेनने गंभीरपणे शपथ घेतली आणि तो तडक कॅफेकडे चालू लागला. ऑर्विल वॉर्डनसाठी कॉफी टाकायला घरात गेला.