गजभिये साहेबांचं अमेरिकेतलं गाव

सिंगापुरातल्या आमच्या बेडोकच्या फ्लॅटसमोर राहणारे गजभिये साहेब रोज जेवणाआधी अमेरिकेला जाऊन येत. बारसं असो की वाढदिवस, रात्रीचे आठ वाजले की हे उठलेच. "चला, गावी चक्कर मारून येतो." केक राहिला तरी चालेल, चक्कर चुकता कामा नये.

साहेब मूळचे नागपूरचे, आंग मो किओच्या एका कंपनीत इंजिनिअर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकटेच. आणि 'गाव' म्हणजे नागपूर नव्हे. अमेरिकेतलं एक लहानसं शहर, जिथे त्यांनी कधी पाऊलही टाकलेलं नव्हतं. तिथल्या कोर्टाच्या मनोऱ्यावर एक कॅमेरा होता, तो खालचा चौक दिवसरात्र इंटरनेटवर दाखवायचा. आपली रात्र ती तिकडची सकाळ. तिकडे थंडीत घड्याळं तासभर मागे केली, की बेडोकमध्ये साहेबांचं जेवण तासभर पुढे जाई.

त्या चौकाचा त्यांना इतका अभिमान, की सिंगापूर त्यांच्या नजरेत भरतच नसे. नागपूरहून आलेल्या बहिणीला मर्लायनच्या, म्हणजे त्या प्रसिद्ध मत्स्यसिंहाच्या पुतळ्यापुढे उभं करून म्हणाले, "हे ठीक आहे. पण आमच्या चौकातला दगडी शिपाई पाहशील तर पाहतच राहशील!" खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिताना त्यांनी मला लायब्ररीचे खांब, जुन्या रेल्वे स्टेशनातलं म्युझियम, सगळं फिरवून आणलं. माझी कोपी गार झाली.

"तुम्ही एकदा जाऊन का येत नाही?" मी विचारलं.

"जायचं कशाला? रोज तर पाहून राहिलो." मग कपाळाला आठी घालून, "फक्त त्या टाउन हॉलचं घड्याळ मागे चालतं, वहिनी. कोणाचं लक्षच नाही."

आम्ही त्यांना हसायचो. एकटा माणूस, काहीतरी चाळा हवा, असं माझं ठाम मत होतं.

एका रात्री आठच्या सुमारास साहेब उघडा लॅपटॉप घेऊन तणतणत आमच्या दारात. "मनोरा दुरुस्त करायला निघाले म्हणे! सोमवारपासून कॅमेरा बंद करून राहिले हे लोक! वहिनी, निषेध करायचा आहे, सही करा."

"साहेब, अमेरिकेतल्या मनोऱ्यासाठी बेडोकमधून निषेध?" मला हसू आवरेना.

साहेब हसले नाहीत. तेवढ्यात पडद्यावर एक लाल टोपी चौकात शिरली आणि त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. "ही प्रज्ञा. माझी पोरगी."

त्यांना मुलगी आहे हेच मला तेव्हा कळलं.

"पीएच.डी. अर्धी सोडली तिनं, तिथल्या लायब्ररीत नोकरी धरली. मी रागात म्हटलं, मला तोंड दाखवू नको." त्यांचं बोट टोपीमागे सरकत होतं. "माझीच पोरगी. नाही दाखवलं. वरून टोपीच तेवढी दिसते. पण चाल तिच्या आईची आहे."

मला रागच आला. "अहो, मग फोन लावा ना!"

"कामात असेल ती."

"कसलं काम? चौकातून चाललीये, दिसतंय की मला!"

मी फोन त्यांच्या हातातच कोंबला. त्यांनी लावला, स्पीकरवर ठेवला आणि घसा खाकरला. इतक्या दिवसांनी मुलीशी पहिलं वाक्य काय बोलावं माणसानं?

"हं. प्रज्ञा. तुमच्या टाउन हॉलचं घड्याळ मागे आहे."

पलीकडून, "बाबा? तुम्हाला कसं माहीत?"

"कोर्टाच्या मनोऱ्याकडे बघ. वर."

चित्र जरा उशिरानंच येतं. लाल टोपी दगडी शिपायापाशी थांबली, वळली, आणि वर झाली. चेहरा वाटाण्याएवढा. साहेबांनी लॅपटॉप उचलून डोळ्यांना लावला. दारात उभ्या उभ्या मी पदर नसल्यानं कुर्त्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"बाबा," फोनमधला आवाज चिरकला, "तोंड दाखवलं तर चालेल ना आता?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. मग एकदम वैतागल्यासारखे म्हणाले, "इतक्या लांबून काय दिसून राहिलं? आणि सोमवारपासून कॅमेरा बंद आहे तुमचा. तूच ये इकडे."