घर चालवणाऱ्याचा शिक्का

ज्याला स्वतःचं घर नीट चालवता येत नाही, त्याच्या हाती देवाचं घर सोपवू नये, हे तत्त्व सर्वमान्य आहे. घर नीट चालतं की नाही हे ज्याचं त्यालाच विचारावं, ही पद्धतही तितकीच सर्वमान्य आहे. दक्षिण कोरियातल्या गुनसानच्या सेबोम ख्रिस्ती मंडळीत गेल्या एकतीस वर्षांत वडीलपदाच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पदाच्या, चव्वेचाळीस उमेदवारांनी आपल्या घराबद्दल स्वहस्ते लिहून दिलं. त्रेचाळीस जणांनी 'उत्तम' लिहिलं. एकाने 'बरं' लिहिलं. (तो पडला.)

ही पद्धत अशीच चालली असती. पण गेल्या वर्षी निवडून आलेल्या एका 'उत्तम' वडिलांच्या घरी, पदग्रहणाच्या दिवशीच, सासूने आणि सुनेने दोन वेगवेगळ्या हॉटेलांत मेजवान्या ठेवल्या. पाळकसाहेबांना दोन्हीकडे पोटभर जेवावं लागलं. दुसऱ्या दिवशी अंथरुणातूनच त्यांनी गृहव्यवस्था पडताळणी समिती नेमली.

समितीत तिघे होते: पाळक प्यो, एक्याऐंशी वर्षांचे ज्येष्ठ वडील गुक आणि नोंदी ठेवायला प्रस्तुत लेखक, जो दर रविवारी मंडळीचं चार पानी पत्रक काढतो. समितीने तीन बैठकांत एक तक्ता तयार केला. उमेदवाराच्या घरी वसंत ऋतूतल्या घरभेटीच्या वेळी तो भरायचा होता. एकूण गुण शंभर. दारातल्या चपला-बुटांची शिस्त, दहा. पाहुण्यांचं आगतस्वागत, वीस. मुलांचं आज्ञापालन, तीस. कुटुंबप्रमुखाचा घरावरील ताबा, चाळीस. शेवटी कुटुंबप्रमुखाने आपला सरकारदरबारी नोंदवलेला नावाचा शिक्का उमटवायचा. सही चालणार नव्हती. (सही कोणीही करतो. वडील गुक यांच्या मते मोबाइल कंपनीवालेही करून घेतात.)

तक्त्याखाली एक कलम जाड अक्षरांत होतं. भेटीच्या वेळी उमेदवाराच्या पत्नीने घरी थांबू नये. पुरुषाचा कारभार तपासताना मध्ये बायकांची लुडबुड झाली तर निष्कर्ष दूषित होतात, असं समितीचं शास्त्रीय मत पडलं. त्या वेळेत उमेदवारांच्या पत्नींनी मंडळीच्या स्वयंपाकघरात समितीसाठी दुपारचं जेवण करावं, म्हणजे वेळ वाया जाणार नाही.

जागा एक होती आणि उमेदवार तीन. त्यांतले दोघे हौसेने उभे होते. तिसरे, डीकन (वडिलांच्या खालची पायरी) यॉम ग्यू-शिक, गरजेने उभे होते. यॉम यांचं बंदराच्या रस्त्यावर भिंतींच्या कागदाचं दुकान आहे. वय सत्तावन्न. त्यांचे वडील याच मंडळीत तेवीस वर्षं वडील होते आणि पुढच्या बाकावर डावीकडे बसत. ती जागा यॉम यांना हवी होती. पहिल्या वेळी ते अकरा मतांनी पडले, दुसऱ्या वेळी तीन मतांनी. ही तिसरी वेळ. चौथ्यांदा उभं राहू नये असा नियम नाही, पण मग माणसाने मंडळी बदलावी असा रिवाज आहे.

समिती मंगळवारी साडेदहाला त्यांच्या घरी पोचली. दारातली पादत्राणं बाहेरच्या दिशेला तोंड करून एका रेषेत होती. (दहापैकी दहा. ती सकाळी सातला चू बाईंनी, म्हणजे सौभाग्यवतींनी, लावली होती, पण तक्त्यात 'कोणी' असा रकाना नव्हता.) समिती आत जाऊन जमिनीवर बसली. एक गीत झालं. प्रार्थना झाली. त्यानंतर जी शांतता पसरली तिच्यात साधारणपणे फळं येतात. फळं आली नाहीत.

पाळकसाहेब म्हणाले, "डीकन, आधी शिक्का उमटवून टाका. मग निवांत बोलू."

यॉम उठले. त्यांनी टेबलाचा खण उघडला, मग कपाट उघडलं, मग फ्रिज उघडला. नंतर त्यांनी फोन काढला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो. त्यामुळे पुढील नोंद शब्दशः आहे.

"अगं, माझा शिक्का कुठाय?"

"टीव्हीखालचा मधला कप्पा. मूठ तुटलेला."

"इथं काही नाहीये."

"आहे. निळा बिस्किटांचा डबा."

"यात तर सुया-दोरे आहेत."

"मग काय, बिस्किटं असणार होती? रिळं उचला."

"तीन शिक्के आहेत."

"काळा तुमचा. तांबूस माझा. पांढरा तुमच्या बाबांचा, त्याला हात लावू नका, चिरलाय तो. पाळकसाहेब आले का?"

"बसलेत."

"आणि काय दिलंत त्यांना?"

यॉम यांनी समितीकडे पाहिलं. समितीने छताकडे पाहिलं.

"अहो, काय माणूस आहात! खालच्या ड्रॉवरमध्ये नाशपती आहेत. तुम्ही सोलू नका, मागच्या खेपेला दोन टाके पडले होते. पाळकसाहेबांना द्या, ते छान सोलतात. आणि त्यांना जाड उशी द्या बसायला. कंबर धरलीय त्यांची."

पाळकसाहेब फोनकडे वाकून म्हणाले, "चू बाई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पहाटेच्या प्रार्थनेनंतर उठताना तुम्ही बाकाला धरलंत. वडील गुकही असतील ना तिथं? त्यांना गोड सरबत देऊ नका हो. साखर आहे त्यांना. मागतील ते, तरी देऊ नका."

वडील गुक यांनी सरबत मागायला उघडलेलं तोंड मिटलं.

पाळकसाहेबांनी नाशपती सोलली. साल शेवटपर्यंत तुटली नाही. (आगतस्वागत, वीसपैकी वीस.) मग मुलांचं आज्ञापालन निघालं. यॉम यांना एकच मुलगी, दा-ऑन, ती सोल शहरात नोकरी करते.

"मुलगी आज्ञेत आहे," यॉम म्हणाले.

"शेवटचं बोलणं कधी झालं?" वडील गुक यांनी विचारलं.

यॉम यांनी पुन्हा फोन उचलला. तो बंदच केलेला नव्हता.

"अगं, दा-ऑनशी आपण शेवटचं कधी बोललो?"

"आपण? मी आज सकाळी. तुम्ही गेल्या शरदात, चुसोकच्या सणाला."

"काय बोललो मी?"

"'जेवलीस का' म्हणालात."

"मग ती काय म्हणाली?"

"'हो' म्हणाली."

समितीने नोंद केली: 'मुलीशी नियमित संवाद (वार्षिक). मुलगी वडिलांस उलट उत्तर देत नाही.' तीसपैकी सव्वीस.

राहिला घरावरील ताबा. इथे समितीत थोडी चर्चा झाली. घरातली प्रत्येक वस्तू, प्रत्येक पाहुण्याचा आजार आणि प्रत्येक नातेवाइकाची खबर एका फोनच्या अंतरावर असणं याला ताबा म्हणायचं की नाही? म्हणायचं, असं ठरलं. सरदार स्वतः तलवारी मोजत बसत नाही. चाळीसपैकी अडतीस. दोन गुण फ्रिज उघडल्याबद्दल कापले. एकूण चौऱ्याण्णव.

उरलेल्या दोन घरांतही प्रकार असाच झाला. एका घरी शिक्का तांदळाच्या पिंपात निघाला, दुसऱ्या घरी तो पत्नीच्या पर्समध्येच होता आणि ती टॅक्सीने पाठवून द्यावी लागली. (पर्स.) तिन्ही घरं असाधारण शिस्तीत चालतात आणि तिन्ही घरांचे प्रमुख, विचारल्यावर, कुठलीही गोष्ट शोधू शकतात, असा एकमताचा निष्कर्ष समितीने काढला.

अहवाल रविवारच्या पत्रकात छापायचा होता. जागा दीड पान होती. वर्तमानपत्रात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एक सवय लागते: सारांशात चूक होऊ शकते, अवतरणात होत नाही. म्हणून यॉम यांच्या घरची नोंद जशीच्या तशी छापली. पाळकसाहेबांनी न वाचता मंजुरी दिली. पत्रक कोणी वाचत नाही, ही समजूत मंडळीत फार जुनी आहे. त्या रविवारी ती जायबंदी झाली. प्रवचनाच्या मध्यावर, अगदी गंभीर जागी, मागच्या बाकांवरून खसखस पिकली. तेव्हा पाळकसाहेबांना पहिल्यांदा शंका आली.

मतदान पुढच्या रविवारी झालं. आमच्याकडे मतपत्रिका कोरी असते आणि नाव हाताने लिहायचं असतं. तिघांची नावं फळ्यावर लावतात ती सोयीसाठी. घटनेप्रमाणे सात वर्षं नियमित असलेला कोणीही सभासद निवडून येऊ शकतो, पुरुष किंवा स्त्री. हे शेवटचे दोन शब्द घटनेत बरीच वर्षं आहेत. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चांगल्या कपबश्यांसारखे ते जपून ठेवले होते.

एकूण मतं ३२१. निवडून यायला दोन-तृतीयांश, म्हणजे २१४. डीकन यॉम यांना ५८ मिळाली. दुसऱ्या दोघांना २३ आणि १९. चू मी-रान यांना २०२. आणखी १७ पत्रिकांवर नावच नव्हतं. त्यांवर 'बिस्किटांच्या डब्यावाल्या बाई' असं लिहिलं होतं. दोन पत्रिका बाद होत्या.

आता सगळं त्या सतरांवर आलं. त्या धरल्या तर २१९, नाही धरल्या तर कोणीच निवडून येत नाही आणि यॉम यांना शरम गिळून पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहता येतं. निवाडा ज्येष्ठ वडील म्हणून गुक यांच्याकडे होता. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले राहिले, तेव्हा कोणीतरी त्यांना हलवलं.

"झोपलो नाहीये," ते म्हणाले. "एक्याऐंशी वर्षांत मला सरबत नको म्हणणारी एकच बाई भेटली. दुसरी कोण असणार? धरा."

पाळकसाहेबांनी निकाल वाचला. टाळ्या आधी बायकांच्या बाजूने आल्या आणि मग, घरी जायचं असल्यामुळे, पुरुषांच्या बाजूनेही आल्या. डीकन यॉम पुढच्या बाकाकडे बघत उभे होते.

"बाद झालेली दोन कुठली?" त्यांनी विचारलं.

"एक कोरी," मी म्हणालो. "दुसरीवर 'माझी बायको' लिहिलं होतं. कोणाची, ते लिहिलं नव्हतं. नियमात बसत नाही."

"बसायला हवं होतं," यॉम म्हणाले, आणि बातमी द्यायला खाली स्वयंपाकघरात गेले. मागोमाग समिती गेली.

चू बाई पाच किलो शेवयांच्या पातेल्यासमोर झारा घेऊन उभ्या होत्या.

"अगं, तू निवडून आलीस."

"कशात?"

"वडीलपदाला. बाबांच्या जागेवर."

त्यांनी झारा खाली ठेवला नाही. "आणि तुम्ही?"

"मी पडलो. ह्या वेळी चांगला दणदणीत पडलो."

चू बाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. "रडू नका इथं. वाफेने झालंय म्हणाल, पण लोकांना कळतं."

"चू बाई, आपण हे पद स्वीकारता का?" पाळकसाहेबांनी औपचारिक आवाजात विचारलं.

"स्वीकारते. पण आधी ह्या गाळा कुणीतरी, फुगायला लागल्यात. पाळकसाहेब, तुम्ही नको, कंबर आहे. तुम्ही, पत्रकवाले, तो कान धरा. अहो, तुम्ही तो दुसरा. आता ओता. हळू!"

पाच किलो शेवया गाळायला दोन पुरुष, एक पाळक (देखरेख) आणि अकरा मिनिटं लागली. समितीने आजवर पाहिलेली ती सर्वांत सुव्यवस्थित गोष्ट होती.

नियम नियमच असल्यामुळे नव्या वडिलांच्या घराचीही पडताळणी करावी लागली. कलमाप्रमाणे चू बाई घराबाहेर होत्या. तक्त्यात 'जोडीदार आज्ञेत आहे' असा रकाना वाढवला होता आणि त्याखाली जोडीदाराचा शिक्का हवा होता. डीकन यॉम कोणालाही फोन न करता उठले, टीव्हीखालचा मधला कप्पा उघडला, रिळं उचलली आणि काळा शिक्का घेऊन आले. पांढऱ्याला त्यांनी हात लावला नाही. शंभरपैकी शंभर. (शिक्का उलटा उमटला, पण तक्त्यात दिशेचा रकाना नव्हता.)

हे वाचून ज्यांना यॉम यांची गंमत वाटली, त्यांच्या सोयीसाठी समितीने चाचणीचं एक घरगुती रूप तयार केलं आहे. शिक्का लागत नाही. ज्यावर तुमचं स्वतःचं नाव आहे असा घरातला कुठलाही एक महत्त्वाचा कागद, आत्ता, जागेवरून उठून, कोणालाही हाक न मारता, घेऊन या.

आम्ही थांबतो. फ्रिज उघडण्याचे दोन गुण कापले जातील.